ओथा टॅकेटची शिकार

आमच्या ट्रिनिटी नदीकाठी ओथा टॅकेटइतका हुबेहूब रानडुकराचा आवाज कुणालाच काढता येत नाही, आणि त्याच्याइतकी कमी डुकरंही कुणी मारलेली नाहीत. हे मी त्याच्या तोंडावर सांगतो. चुलतभाऊ आहे, तेवढा हक्क आहे मला.

बोटभर लांबीची लाकडी शिट्टी त्यानं स्वतः तासून केली आहे. ती ओठांत धरून गाल फुगवले की नराचं गुरगुरणं निघतं, आणि जरा दाबून फुंकली की अडकलेल्या पिल्लाची किंकाळी. एकदा चर्चच्या जेवणात त्यानं ती काढून दाखवली, तर पाद्रीबाबांच्या हातातली रश्श्याची वाटी कलंडली.

रानात मात्र काहीतरी आडवं यायचंच. नेम धरायच्या आत कधी डोळ्यावर ऊन यायचं, कधी नाकात डास जायचा.

"ओथ्या, सगळ्या टेक्सासातले डास तुझ्याच नाकात कसे रे शिरतात?"

"घराण्याचं नाक आहे बाबा. तुझंही काही लहान नाही."

रान ओइडा प्रेविट बाईंचं. ऐंशी उलटलेल्या, तिसरीत आम्हा दोघांना त्यांनीच शिकवलं. ओथाची बायको नेल्डा गेली त्या वर्षी, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, डुकरं मारायच्या बोलीवर त्यांनी त्याला नदीकडचं रान मोकळं करून दिलं होतं. यंदा सप्टेंबरात डुकरांनी त्यांचा सगळा भुईमूग उकरला. बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं.

"ओथा, शनिवारी मी तुझ्याबरोबर बसणार. डुक्कर पडलं तर रान तुझं. नाही पडलं तर पिंजरेवाले येतील आणि फाटकाला कुलूप लागेल."

"बाई, तुम्ही कशाला त्या चिखलात..."

"उलट बोलू नकोस."

साठी ओलांडलेल्या बाप्यानं तिसरीतल्या पोरासारखी मान डोलावली. परतताना पिकअपमध्ये तो खिशातली शिट्टीच चाचपत होता. ते रान गेलं तर ओथा दिवस कसे काढील, मलाही सुचेना.

शनिवारी सकाळी एका पडलेल्या ओकच्या झाडामागे आम्ही तिघं बसलो. बाई घडीच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स. ओथानं पिल्लाची किंकाळी काढली. दोनदाच. झुडपं मोडत एक डुकरीण धावत आली आणि पंधरा पावलांवर थांबून, कान उभारून, पिल्लू शोधू लागली.

"मार," बाई कुजबुजल्या.

ओथा बंदूक खांद्याला लावून तसाच.

"अरे, मार ना!"

डुकरिणीनं इकडेतिकडे हुंगलं, फुसकारली आणि आली तशी निघून गेली. बाईंनी ओथाच्या हातातली बंदूक ओढून घेतली आणि ती उघडून आत पाहिलं.

"गोळी कुठंय?"

"नाहीये, बाई."

"विसरलास?"

"अकरा वर्षं झाली."

मी खो खो हसलो. इतक्या वर्षांत त्याच्या बंदुकीचा बार कुणी ऐकला नव्हता, आणि आम्ही शहाणे डास मोजत बसलो होतो! बाई मात्र हसल्या नाहीत.

"माझा भुईमूग गेला, ओथा. मारायचंच नव्हतं, तर इथं येत कशाला होतास?"

ओथानं शिट्टी शर्टाला पुसली. "हाक मारली की येतात, बाई. घरी कुणाला हाक मारू?"

माझं घर त्याच्या घरापासून चार मैलांवर आहे. चिडवायला तो मला पेट्रोलपंपावर रोज सापडायचा. त्याच्या स्वयंपाकघरात शेवटचा कधी बसलो, ते काही केल्या आठवेना. मला लाज वाटली.

बाई शब्दाच्या पक्क्या. सोमवारी पिंजरे आले, फाटकाला कुलूप लागलं. संध्याकाळी मी ओथाकडे गेलो, चिडवायला नाही, नुसताच. तेवढ्यात बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज अजून वर्गात पोचवायचा असल्यासारखा. मलाही ऐकू येत होता.

"भुईमुगाचं मी विसरलेले नाही. उद्यापासून सहाला जेवायला माझ्याकडे यायचं. रोज. कारणं ऐकणार नाही."

"येतो, बाई."

फोन ठेवला आणि त्यानं खुंटीवरची टोपी घेऊन डोक्यावर चढवली.

"अरे, उद्या म्हणाल्या त्या!"

"माहीत आहे," ओथा म्हणाला, आणि टोपी घालूनच खुर्चीवर बसून राहिला.