रंगरावचे कर्णे

लढाई संपल्यावर चाकणला परतलेल्या गड्यांत रंगरावनं गावात एक नवीनच गोष्ट आणली. पलटणीत तो तारायंत्राच्या तुकडीत होता. वाळवंटात तारा टाकायच्या, तुटल्या की जोडायच्या आणि इकडचं बोलणं तिकडं नीट पोचतंय का ते बघायचं, हेच काम त्यानं वर्षानुवर्षं केलं होतं आणि त्याला त्याची गोडी लागली होती. घरची जमीन धाकट्या भावाच्या हवाली करून त्यानं देहूरोडला लष्करी सामानाच्या लिलावात एक जुना अ‍ॅम्प्लिफायर, एक मायक्रोफोन आणि पत्र्याचे चार कर्णे उचलले. बाजारपेठेत गाळा घेतला. एक कर्णा गाळ्यावर बसवला, एक एसटीच्या थांब्यावर, एक कांद्याच्या वखारींपाशी आणि एक बाजारतळावरच्या लिंबाच्या झाडावर. गावात वीज यायची होती. सगळा कारभार मोटारीच्या बॅटरीवर चालायचा, आणि बॅटरी उतरली की रंगराव ती चिंचवडला नेऊन भरून आणायचा.

सकाळी कर्ण्यातून अभंगाची तबकडी लागली, की बाया सडा घालायला बाहेर येत. मग पुण्याच्या बाजारातले कांद्या-बटाट्याचे भाव, मग रेडिओवरच्या बातम्या, मग पुन्हा गाणी. कुणाची गाय सुटली, कुणाचं पोर बाजारात चुकलं, कुणाच्या घरी माती आहे, हे सगळं रंगरावच्या तोंडून गावाला कळायचं. एका उन्हाळ्यात वखारीला आग लागली तेव्हा त्यानं कर्ण्यावरून हाक दिली आणि बघता बघता अख्खा बाजार घागरी-बादल्या घेऊन धावला. तेव्हापासून व्यापारी त्याला मानानं रंगराव म्हणायला लागले. त्याआधी ते त्याला नुसतं भोंगेवाला म्हणत.

बियाण्याचा दुकानदार, शिंपी, भांडीवाला असे लोक आपापल्या दुकानांची नावं कर्ण्यावरून सांगायला त्याला थोडेफार पैसे देत. त्यावर रंगराव आणि त्याची बायको शालनबाई यांचं भागायचं. मूलबाळ नव्हतं. रेडिओचा परवाना तो पोस्टातून दर साली न चुकता काढायचा आणि भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी लावून ठेवायचा. गाण्यांसाठी आणखी काही काढावं लागतं, हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

ते सांगणारा माणूस शनिवारच्या बाजारी आला. पांढरी विजार, काखेत चामड्याची पिशवी, बोलणं अगदी मऊ. तो गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीकडून आला होता. तबकडी विकत घेतली म्हणजे ती घरात ऐकण्यापुरती आपली झाली. चारचौघांत वाजवायची तर कंपनीला वर्षाची फी द्यावी लागते, आणि ती कर्ण्यागणिक असते, असं त्यानं समजावलं. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर बारीक अक्षरात तसं छापलेलंही होतं. रंगरावनं ती तबकडी हजारदा हातात घेतली होती, पण ती इंग्रजी ओळ त्यानं कधी लावून पाहिली नव्हती.

माणूस रक्कम सांगून गेला. रंगरावच्या सगळ्या वर्षाच्या मिळकतीतला निम्म्याहून मोठा वाटा त्यात जात होता.

तो व्यापाऱ्यांकडे गेला. त्यांच्यातले वडीलधारे यशवंतराव मनानं चांगले होते, पण त्यांचं म्हणणं सरळ होतं: भाव सांग, जाहिराती सांग, गाणी नसली म्हणून काय अडतंय? रंगरावला त्यांना पटवता येईना, की गाण्यासाठी माणूस थांबतो आणि थांबला म्हणून भाव ऐकतो. त्यानं गाणी बंद केली. पंधरवड्यातच लोक कर्ण्याखालून न थांबता जायला लागले. शिंप्यानं आपलं नाव सांगणं बंद करायला सांगितलं. भांडीवाला दोन आठवडे रंगरावला नुसता टाळत राहिला.

तोड शालनबाईनं काढली. तबकडीवरची गाणी कंपनीची असतील, पण माणसाच्या गळ्यातली तर कुणाची नाहीत ना, असं ती म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढं मंजुळाबाई होती.

मंजुळाबाई वखारीत कांदा निवडायची. नवरा मुंबईला गिरणीत म्हणून गेला तो परत आला नव्हता. एका खोलीच्या गळक्या घरात ती म्हाताऱ्या सासूला सांभाळून होती. वखारीत बायका ओळीनं बसून कांदा निवडू लागल्या, की ती ओव्या म्हणायची. काही आईकडून आलेल्या, पण बऱ्याचशा तिच्या स्वतःच्या, त्या-त्या वेळी सुचलेल्या. आवाज जाडसर होता, जरा फाटका, पण तो सुरू झाला की हमालसुद्धा पोतं खांद्यावर घेऊन घटकाभर उभे राहत.

मायक्रोफोनसमोर बसायला ती तयार होईना. शालनबाई शेजारी जातं मांडून बसली, दोघींनी मूठभर दाणे घातले, खुंटा फिरायला लागला, आणि मंजुळाबाईचं मायक्रोफोनकडचं लक्ष सुटलं.

*चाकणाच्या बाजारात गाड्या लागल्या रांगेनं,*
*बंधू माझा गाडीवान वळखिला मी शिळेनं.*

चारी कर्ण्यांतून ते बाहेर पडलं. बाजारतळावर सौदे थांबले. माळावरून गुरं घेऊन येणारा आबाजी गुरव नंतर सांगायचा, की त्याला वाटलं आपली मेलेली बहीणच बोलावतीय. त्या शनिवारपासून लोक लांबून यायला लागले. मारुंजी, रहाटणी, कुठकुठल्या गावचे गाडीवान बैल सोडून लिंबाखाली बसून राहत. शिंपी परत आला. रंगराव मंजुळाबाईला दर बाजारी काही ना काही द्यायचा. ती घ्यायला लाजायची आणि घेतल्यावर सासूसाठी गूळ घेऊन जायची.

ही दोन-अडीच वर्षं रंगरावच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. त्यानंतर तो कंपनीचा माणूस पुन्हा आला. रंगराव चोरून तबकड्या लावतो का, हे बघायला तो आला होता. लिंबाखाली गर्दीत उभा राहिला आणि शेवटपर्यंत हलला नाही. मग गाळ्यात येऊन टोपी काढून बसला. म्हणाला, हा आवाज पुण्याला न्यायला पाहिजे, याची तबकडी निघाली पाहिजे.

मंजुळाबाईचा धीर होईना. ती रंगरावला विचारायला आली. पावसाळा तोंडावर होता, घराचं छप्पर जागोजागी उघडं पडलं होतं आणि कंपनी एकरकमी पैसे देणार होती. रंगरावला मनापासून आनंद झाला होता. आपल्या कर्ण्यातून निघालेला आवाज आता देशभर जाणार, यापलीकडे त्याला काही दिसलं नाही.

"जा मंजुळाक्का," तो म्हणाला. "आमी संगं येतो दोघंबी. भ्यायचं काय त्यात?"

तिघं एसटीनं पुण्याला गेली. गाद्या लावलेल्या बंद खोलीत मंजुळाबाईला उभं राहून गावं लागलं. जात्याशिवाय तिला सुरू करता येईना, तेव्हा तिथल्या पेटीवाल्यानं हातानं ठेका धरला. काम झाल्यावर तिचा अंगठा कागदांवर घेतला. रंगरावनं साक्षीदार म्हणून सही केली. कागद इंग्रजीत होते. त्यात काय आहे असं त्यानं विचारलंही. तिनं म्हटलेली गाणी कंपनीनं घेतली, एवढंच त्याला सांगण्यात आलं, आणि ते खोटंही नव्हतं.

मंजुळाबाईच्या घरावर नवे पत्रे आले.

तबकडी निघाली ती दिवाळीच्या सुमाराला. चाकणच्या एका लग्नात पुण्याहून आलेल्या लाउडस्पीकरवाल्यानं ती लावली, तेव्हा मंडपातल्या बायकांनी मंजुळाबाईला ओढून पुढं आणलं. ती पदरात तोंड लपवून हसत होती. शेजारी उभ्या शालनबाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

पुढच्याच बाजारी तो माणूस तिसऱ्यांदा आला. या वेळी बसला नाही. मंजुळाबाई रंगरावच्या कर्ण्यावर अजून गाते असं कंपनीला कळलं होतं. त्या ओव्या आता कंपनीच्या झाल्या होत्या. तबकडी लावायची तर फी, आणि तिनं स्वतः येऊन म्हटल्या तरी फी. शिवाय पुढची काही वर्षं तिला दुसऱ्या कुणासाठी चारचौघांत गाता येणार नव्हतं, तसं तिनं लिहून दिलं होतं.

"लिहून कसं देईल?" रंगराव म्हणाला. "तिला लिहिता कुठं येतंय?"

"साक्षीला तुमचीच सही आहे ना रंगराव," तो माणूस हळूच म्हणाला.

रंगराव पुण्याला कंपनीच्या कचेरीत गेला. तिथल्या साहेबानं त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. रंगरावनं सगळं सांगितलं: वखार, जातं, आग लागली तो दिवस, लिंबाखालचे गाडीवान. साहेबानं ते मधे न बोलता ऐकलं. वाईट वाटतंय असं तो म्हणाला आणि त्याला वाईट वाटतही असावं. पण एका गावाला सवलत दिली तर प्रत्येक गावाला द्यावी लागेल, आणि तशी द्यायचा अधिकार त्याला नव्हता. तो अधिकार ज्यांना होता ते कलकत्त्याला बसत. साहेबानं रंगरावला दारापर्यंत सोडलं. भांडायला समोर कुणी असतं तर रंगराव भांडला असता. तो शिवाजीनगरपर्यंत चालत आला आणि एसटीच्या रांगेत उभा राहिला.

चाकणला उतरला तेव्हा मंजुळाबाई थांब्यावरच त्याची वाट बघत होती. काय झालं ते त्यानं सांगितलं. मग तिनं विचारलं,

"दादा, वखारीत म्हनलं तर चालंल का? कांदा निवडताना?"

चालेल असं रंगरावला वाटत होतं. वखारीत बसून कुणी काय गुणगुणतं ते बघायला पुण्याहून कोण येणार? पण चालेल असंच त्याला अंगठ्याच्या वेळीही वाटलं होतं.

"ठावं न्हाई आक्का," तो म्हणाला. "मला खरंच ठावं न्हाई."

"छपराचं पैसं परत दिलं तर?"

"कंपनीवाले घ्यायचे न्हाईत आता."

मंजुळाबाई वखारीत गप्प बसायला लागली. बायकांनी तिला पुष्कळ सांगितलं, की कुणी ऐकत नाही, म्हण. पण बाजारात अनोळखी माणूस दिसला की तिचा हात कांद्यावर थांबायचा. नवीन सुचलेलं म्हणायला काय हरकत आहे, असं शालनबाईनं एकदा विचारलं. मंजुळाबाई म्हणाली, सुचतच नाही आता. कुठलं आपलं आणि कुठलं त्यांचं, हे बघत बसलं की जुळत नाही.

रंगरावनं शालनबाईला बसवून पाहिलं, भजनी मंडळाला बसवून पाहिलं. लोक ऐकायचे आणि विचारायचे, मंजुळाबाई कधी म्हणणार? एकेक दुकानदार गळत गेला. यशवंतरावांनी भाव सांगण्याचे पैसे वर्षभर आपल्या खिशातून दिले, मग त्यांनाही ते जमेना. बॅटरी आठवड्यातून एकदाच भरली जाऊ लागली, पुढं तीही बंद. लिंबावरचा कर्णा वावटळीत खाली पडला, तो रंगरावनं परत चढवला नाही.

शेवटी तो पिंपरीला नव्या निघालेल्या औषधांच्या कारखान्यात वायरमन म्हणून लागला. काम चांगलं होतं, महिन्याच्या महिन्याला पगार होता. दोघांनी चिंचवडला खोली घेतली. शालनबाईला तिथं नळाच्या पाण्याचं फार सुख वाटायचं. चाकणला ती दोघं जत्रेला नाहीतर कुणाच्या लग्नकार्याला जात.

अशाच एका फेरीत त्यांना वखारीपाशी मंजुळाबाई भेटली. सासू वारली होती, मंजुळाबाई स्वतःही थकली होती. तिनं शालनबाईचा हात धरून ठेवला आणि रंगरावला नोकरीचं विचारलं. करारातली वर्षं तोवर सरून गेली होती. रंगरावनं ते मनात धरून ठेवलं होतं, तेच सांगायला तो मुद्दाम वाट वाकडी करून आला होता.

"आक्का, आता म्हनायला हरकत न्हाई," तो म्हणाला. "मुदत संपली."

मंजुळाबाईनं मान हलवली, व्हय, बरं झालं म्हणाली. मग यंदा पावसानं कांदा कसा सडला ते ती सांगत राहिली, आणि गाडीची वेळ होईपर्यंत तिघं त्याबद्दलच बोलली.