कबड्डीचे आठ दिवस

माझ्या घरी पेपर येत नाही. पिंप्राळ्यातले शेजारी याला कंजूषपणा म्हणतात, सून हेकटपणा म्हणते, आणि मी दोघांपुढेही मान डोलावतो. ज्याने बारा वर्षं पेपरला बातम्या पाठवल्या त्याने पेपर बंद करावा, याचं त्यांना नवल वाटतं. मला नवल त्यांचं वाटतं. सकाळी चहाबरोबर आधी खेळाचं पान उघडायचं, कोण जिंकलं ते बघायचं, आणि मग उरलेल्या दुनियेकडे सवडीने वळायचं. पण त्यांना तरी का बोलू? ही खोड आम्हीच लावली. मी स्वतः लावली, धुळ्यात असताना.

सत्तर सालाच्या आगेमागे मी धुळ्याच्या एका हायस्कुलात शिक्षक होतो आणि जळगावहून निघणाऱ्या एका दैनिकाचा वार्ताहरही होतो. वार्ताहर म्हटलं की फार मोठं वाटतं. काम एवढंच, की दिवसभरात कानावर आलेलं कागदावर उतरवायचं, पाकिटात घालायचं आणि संध्याकाळच्या जळगाव गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं. अगदीच तातडीचं असलं तर तारघरातून ट्रंक कॉल लावायचा. त्यात तीन मिनिटं बोलायला मिळायचं. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरबाई मध्येच बोलायच्या आणि लाइन जायची.

त्या वर्षी धुळ्यात राज्य पातळीवरच्या कबड्डीच्या स्पर्धा भरल्या. गाव नुसतं वेडं झालं होतं. मैदानाभोवती बांबूच्या गॅलऱ्या बांधल्या, रस्त्यात कमानी उभ्या राहिल्या, स्वागत समितीत नाव नाही म्हणून दोन वकिलांचं बोलणं बंद झालं. जळगावहून संपादकांचा निरोप आला: आठही दिवस रोज संध्याकाळी ट्रंक कॉल करा, पहिल्या पानावर छापू, वर ‘आमच्या क्रीडा प्रतिनिधीकडून’ असं टाकू. माझ्या दोन-तीन ओळींच्या बातम्या एरवी चौथ्या पानाच्या तळाशी जायच्या. मी इतका फुगलो की बायकोला तो निरोप दोनदा वाचून दाखवला.

पहिल्याच दिवशी दुपारी खेळाडूंची मिरवणूक निघाली आणि बसस्टँडवर चेंगराचेंगरी झाली. त्या गर्दीत एक पोर हरवली. सहा-सात वर्षांची. बाप जवळच्या खेड्यातला, बायको-पोरीला घेऊन बाजाराला आला होता. पोलिसांत नोंद करून तो शोधत शोधत माझ्याकडे आला, कारण पेपरवाले गुरुजी म्हणून कुणीतरी माझं घर दाखवलं होतं. दारात उभा राहून म्हणाला, “गुरुजी, मन्ही पोर दखाई नही ऱ्हायनी. पेपरमा छापी द्या.”

मी म्हणालो, “सापडेल हो भाऊ. कुणी विचारलं तर नाव-गाव सांगेल ना ती?”

“तिले बोलता येस नही,” तो म्हणाला. “ऐकूबी येस नही. नाव विचारं तर काय सांगी ती?”

म्हणजे ही पोर ज्याच्या हाती लागेल त्याला ती कुणाची हे कळायला पेपरशिवाय दुसरा रस्ताच नव्हता. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर सुचलं असं म्हणून मला स्वतःला सोडवून घेता येणार नाही. मी सगळं लिहून घेतलं: हिरवा झगा, डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग, पायात काही नाही, बोलता-ऐकता येत नाही.

संध्याकाळी तारघरातून कॉल लागला. मी आधी पोरीचं सांगायला लागलो. पलीकडचे उपसंपादक म्हणाले, “अहो गुण सांगा, गुण! मध्यंतराला किती होते?” मी गुण सांगितले. मग कोणी किती गडी मारले ते सांगितलं, उद्‌घाटनाला कोण कोण होतं ते सांगितलं, शेवटच्या चढाईचं वर्णन तर मी असं रंगवून केलं की तारघरातले दोघेतिघे काम सोडून ऐकत उभे राहिले. उरलेल्या सात-आठ सेकंदांत पोरीचं पुन्हा काढलं. “पाकिटातून पाठवा, बघू,” असं उत्तर आलं आणि लाइन गेली.

पाकीट मी त्याच संध्याकाळी पाठवलं. दुसऱ्या दिवशी पेपर आला. पहिल्या पानावर माझी कबड्डी, चांगली दोन कॉलम. पोरीची एक ओळही नाही.

बाप रोज मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी यायचा. “पेपरमा उनं का, गुरुजी?” मी म्हणायचो, उद्या येईल. त्याला वाचता येत नव्हतं. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात सकाळी कुणीतरी मोठ्याने पेपर वाचायचं, तिथे हा बाकाच्या कोपऱ्यावर बसून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकायचा. म्हणजे मी लिहिलेली सगळी कबड्डी त्याने ऐकली. कोणत्या जिल्ह्याने कोणाला हरवलं, कोणाचा गुडघा सुजला, पंचांशी कोण भांडलं, हे सगळं तो मन लावून ऐकत होता, कारण त्यानंतर केव्हातरी आपल्या पोरीचं येईल असं त्याला वाटत होतं. हे त्याने मला पाचव्या दिवशी सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, सहज. त्या दिवशीच्या अंकात मी एका नामवंत खेळाडूच्या पायाच्या अंगठ्यावर अकरा ओळी लिहिल्या होत्या. अंगठा! मला अजून त्या अकरा ओळी आठवल्या की थुंकावंसं वाटतं.

आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी मी फोनवर पोरीचा विषयही काढला नव्हता. उपसंपादक चिडतील, कबड्डी दुसऱ्या कुणाला देतील, ही भीती होती. रस्त्यात लोक थांबवून “काय मास्तर, आज काय होणार?” म्हणून विचारत होते. ते मला सोडवत नव्हतं.

सहाव्या दिवशी मात्र राहवलं नाही. शाळेतून रजा काढून जळगावला गेलो. संपादकांच्या टेबलावर लोखंडी खिळा होता, त्याला ‘जागा झाली की घेऊ’ असे कागद टोचून ठेवायचे. माझा कागद त्यात मधोमध टोचलेला होता, वर आणखी पाच-सहा. खिळा नेमका भुवईवरच्या डागाच्या ओळीतून गेलेला.

मी म्हणालो, “साहेब, चारच ओळी आहेत.”

ते पान चघळत होते. म्हणाले, “मास्तर, पोरं हरवतात आणि सापडतात. राज्याच्या स्पर्धा आपल्याकडे पुन्हा केव्हा होणार? लोक पेपर कशासाठी घेतात ते बघा. या आठवड्यात पेपर पुरत नाहीये.” मग जरा जवळ सरकून म्हणाले, “तुमचं अंगठ्याचं फार आवडलं बरं का सगळ्यांना.”

मी तो कागद खिळ्यावरून ओढून त्यांच्यापुढे आपटायला हवा होता. मी हसलो. आवडलं म्हटल्यावर मला खरोखर बरं वाटलं, आणि ते हसू घेऊन मी परतीच्या गाडीत बसलो. माणूस स्वतःची किळस करू शकतो हे मला एरंडोलच्या पुढे केव्हातरी कळलं.

आठव्या दिवशी अंतिम सामना झाला. नवव्या दिवशी ढालीचा फोटो, पाहुण्यांचं भाषण आणि स्वागत समितीच्या सर्व सभासदांची नावं छापून आली. सर्व! दोन्ही वकिलांसकट. दहाव्या दिवशी तिसऱ्या पानावर, एका हरवलेल्या पाकिटाच्या आणि एका चुकलेल्या म्हशीच्या खाली, पोर छापून आली.

त्यानंतर चार दिवसांनी जळगावच्या कचेरीत आलेलं एक पोस्टकार्ड माझ्याकडे पोचलं. अमळनेरजवळच्या रेल्वे फाटकावरच्या फाटकवाल्याने लिहिलं होतं: अशी मुलगी आमच्याकडे होती. ‘होती’ या शब्दावर माझी नजर अडकली. मी बापाला घेऊन पहिल्या गाडीने निघालो.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी उगाच आशा लावून बसणार नाही. पोर सापडली नाही. फाटकाजवळ रुळांचं काम करायला ठेकेदाराची एक टोळी उतरली होती. त्यातल्या मुकादमाला मूलबाळ नव्हतं. नवव्या दिवशी टोळी सुरतेच्या अंगाला निघाली, आणि मुकादमाच्या बायकोने पोरीला सोबत नेलं. बाप पुढे तीनदा सुरतेला जाऊन आला, एकदा मीही गेलो. ठेकेदार बदलला होता, टोळी फुटली होती, मुकादमाचं गाव कुणाला ठाऊक नव्हतं. मुकी पोर कुठेतरी कुणाची तरी म्हणून वाढली असेल. तिला आपलं मूळ नाव तरी कसं कळणार?

पण मला जे गिळता आलेलं नाही ते त्या फाटकावरचं बोलणं. फाटकवाला पन्नाशीचा, चष्मा लावणारा, साधा माणूस होता. त्याने आम्हाला खाटेवर बसवलं. पहिल्या दिवशी धुळ्याहून चोपड्याला जाणारी बस गेट बंद म्हणून थांबली, उतारू पाणी प्यायला उतरले, आणि बस गेल्यावर ही पोर हौदाजवळ उभी दिसली. तो म्हणाला, “स्टेशनमास्तरांना सांगितलं. त्यांनी अमळनेरच्या पोलिसांत विचारलं, तिथे नोंद नव्हती; मग म्हणाले, पेपरवर लक्ष ठेव. ते वाचून झालेला पेपर मला देतात. मी रोज बघत होतो.”

त्याची बायको दारातून म्हणाली, “यास्नी रोज बठ्ठा पेपर वाचा. एक ओळ सोडी नही.”

“मग तुम्ही तिला जाऊ का दिलीत?” मी विचारलं. माझ्या आवाजात राग होता. असा राग काढायला मला लाज कशी वाटली नाही कोण जाणे.

फाटकवाल्याने चष्मा काढला. बापाकडे न बघता म्हणाला, “राग मानू नका. नऊ दिवस झाले, पेपरात काही नाही. ज्याची पोर हरवते तो गप्प बसत नाही. आम्ही म्हटलं, मुकी पोर, नकोशी झाली असेल, मुद्दाम बसमध्ये बसवून सोडून दिली असेल. अशा आईबापांकडे परत देण्यापेक्षा त्या बाईकडे बरी.”

बाप उठून उभा राहिला. मला वाटलं हा आता त्याच्यावर धावून जातो. पण तो माझ्याकडे वळला. “मन्ही पोर शे ती,” तो म्हणाला. “मी कसाले टाकसू तिले? गुरुजी, तुम्हीन सांगा. मी पहिल्या दिवशी उनू का नही तुमनाकडे? सांगा यास्ले.”

आयुष्यात कुणी माझ्याकडे इतक्या विश्वासाने साक्ष मागितली नव्हती.

मी म्हणालो, “हे खरं बोलतायत. पोर हरवली त्याच संध्याकाळी यांनी बातमी दिली होती. आम्ही छापली नाही.”

“का?” फाटकवाल्याने विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

“कबड्डीच्या स्पर्धा होत्या,” मी म्हणालो.

त्याने चष्मा पुन्हा लावून माझ्याकडे पाहिलं. मग त्याने बापाचा हात धरून त्याला खाटेवर बसवलं, आणि मला तिथून जायला सांगितलं.