आग्नेलची उसनी जीभ

रोझीवहिनींचा, म्हणजे आग्नेलच्या बायकोचा, फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती. "विनूभावजी, दुकान बंद करा नि या," एवढंच त्या म्हणाल्या. आवाज रोजच्यासारखा होता. मला वाटलं, आग्नेलने पुन्हा काहीतरी शिजवायला घेतलंय आणि मला बोलावणं आलंय. गेली काही वर्षं अशीच बोलावणी यायची, आणि ती नेहमी घाईचीच असायची. म्हणून मी सावकाश समोरच्या लोकांची औषधं दिली, शटर अर्धं ओढलं, शेजारच्या मुलाला लक्ष ठेवायला सांगितलं आणि स्कूटर काढली. रेवदंड्याहून कोर्लईला जायचं तर खाडीवरचा पूल ओलांडावा लागतो. पुलाच्या पलीकडच्या टोकाला कोर्लईचा एक ओळखीचा माणूस उभा होता. त्याने हात दाखवून थांबवलं आणि म्हणाला, "आग्नेलकडंच चाललास ना? सकाळी चहा घेता घेता गेला रे..." मी स्कूटर बंद केली, पुन्हा चालू केली, पुन्हा बंद केली.

त्याला आता दोनेक महिने झाले. लिहून काढलं तर जरा स्वस्थ वाटेल असं बायको म्हणते. बघू.

आग्नेल माझा शाळेपासूनचा दोस्त. मी चौलच्या वाडीतला, तो कोर्लईचा ख्रिश्चन. शाळा रेवदंड्याला. तेव्हा पूल नव्हता, ही कोर्लईची पोरं होडीने यायची आणि भरती-ओहोटी बघून त्यांची शाळा भरायची नि सुटायची. आग्नेल वर्गात कधी बसल्याचं मला आठवत नाही. म्हणजे असायचा, पण एक पाय बाकाबाहेर. दहावी होताच तो मामाच्या ओळखीने बोटीवर लागला. आधी भांडी घासायला, मग भाज्या चिरायला, आणि शेवटची बरीच वर्षं मुख्य कुक म्हणून. सहा-आठ महिने दर्यावर, मग दोन महिने घरी. घरच्या त्या दोन महिन्यांतही हा माणूस कधी खुर्चीला पाठ टेकून बसला नाही. पुलावरून चालत रेवदंड्याला यायचा, माझ्या काउंटरवर कोपर टेकवून अर्धा तास बोलायचा आणि बोलता बोलताच निघून जायचा. वाक्य पुरं करायला दुसऱ्या दिवशी यायचा.

बोटीवरून त्याने एक गोष्ट आणली होती, ती म्हणजे नाताळचा हॅम. हॅम म्हणजे डुकराची मांडी, मिठात मुरवलेली आणि धुरावलेली. ती मुंबईच्या एका दुकानातून यायची. कोणीतरी पाहुणा मांडव्याच्या बोटीने बर्फाच्या डब्यात घेऊन यायचा आणि आग्नेल धक्क्यावर तासभर आधी जाऊन येरझारा घालायचा. मांस तर विकतचंच, त्यात त्याचं काही नव्हतं. त्याचं होतं ते वरचं ग्लेझ, म्हणजे चकाकी आणणारा गोड-तिखट पाक. गूळ, अननसाचा रस, ताडीचा शिरका, भरड वाटलेली मोहरी, भिजवून वाटलेली सुकी मिरची, लवंग, आलं, असं सगळं मंद आचेवर आटवायचं. चमच्याच्या पाठीला धरलं की उतरवायचं. हॅमच्या चरबीवर सुरीने चौकटी पाडायच्या, तो भट्टीत घालायचा आणि शेवटच्या अर्ध्या तासात हे ग्लेझ ब्रशने थरावर थर लावत जायचं. आधी लावलं तर गूळ करपतो. भट्टीतून निघालेला तो हॅम तांब्याच्या हंड्यासारखा चकाकायचा. दर वर्षी मी जेवायला असायचो, पण मासळी नि कोंबडीच्या पुढे माझी मजल नव्हती, तेव्हा हॅम मी नुसता बघायचो. आणि दर वर्षी आग्नेल म्हणायचा, "यंदा जमलं न्हाय. पुढच्या टायमाला कोकम घालून बघतो." सगळे बोटं चाटत असायचे आणि हा पुढच्या नाताळच्या विचारात.

बोट सोडून तो कायमचा घरी आला त्यानंतर काही वर्षांनी ती साथ आली. आग्नेललाही ताप आला, आठवड्याभराने उतरला. जीवावर काही बेतलं नाही. पण नाक गेलं. वास म्हणून काही उरला नाही, आणि वासाबरोबर चवही गेली. गोड, खारट, आंबट आणि तिखटाची आग एवढंच जिभेला कळायचं, बाकी सगळं पुसलेलं. लवंग आणि काडी एकच. हे त्याने मला सांगितलं ते मी मेडिकलवाला म्हणून. घरात कोणाला बोलला नाही. रोज यायचा, नाकात घालायचे थेंब न्यायचा, निलगिरीच्या तेलाची बाटली उघडून हुंगायचा, बामच्या डब्या उघडायचा. गिऱ्हाईकं बघत राहायची. मीच त्याला अलिबागला नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीतर नाहीही येणार, काही सांगता येत नाही. त्या दिवशी परतताना गाडीत तो खिडकीची काच वर-खाली करत राहिला.

त्याच वर्षी त्याच्या मुलीचं, सँड्राचं लग्न झालं होतं. आपल्याकडे जावयाचा दिवाळसण, तसा त्यांच्याकडे जावयाचा पहिला नाताळ. जावई वसईकडचा, खाणारा माणूस, आणि सँड्राने त्याला पप्पांच्या हॅमबद्दल बरंच काही सांगून ठेवलेलं. डिसेंबर लागला तसा आग्नेल दुकानात आला, गिऱ्हाईकं जाईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "विन्या, मला तुझी जीभ पायजे. नाताळपर्यंत."

मग दुपारी दुकान बंद असायचं त्या वेळेत मी कोर्लईला जाऊ लागलो. त्याच्या घरामागे एक पडवी होती, तिथे त्याचा स्टोव्ह आणि ओव्हन. तो आटवायचा, मी चाखायचो. पहिल्या दिवशी मी चमचा चाटून म्हणालो, मस्त झालंय. तो भडकला. "मस्त ही काय चव हाय का? आधी काय येतं ते सांग. गोड आधी की तिखट? लवंग कुठं लागते, जिभेवर की घशात? गूळ कच्चा लागतो की भाजलेला?" जन्मभर जेवलो, पण जेवताना काय होतं ते कधी बघितलंच नव्हतं. हळूहळू शब्द सापडू लागले. आधी गोड येतं, मग मिरची मागून येते, जाताना मोहरी नाकात चढते, असं काहीबाही मी बोलायचो आणि तो डोळे बारीक करून ऐकायचा, जसं काही लांबून कोणी हाक मारतंय. मग त्याचा हात मिठाच्या बरणीकडे नाहीतर शिरक्याच्या बाटलीकडे वळायचा. पुन्हा आटवायचं, पुन्हा चाखायचं. एका जागी उभा राहत नसे. मी बोलत असताना पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि तिथून ओरडून विचारायचा.

नुसतं ग्लेझ ठीक होतं, त्यात मांस नव्हतं. पण एक दिवस त्याने हॅमचा तुकडा आणून समोर ठेवला. म्हणाला, ह्याच्याबरोबर कसं लागतं ते कळल्याशिवाय उपयोग नाही. पुढे म्हणाला, "नको खाऊस वाटलं तर. मी समजेन." त्याच्या तोंडून इतकं मऊ वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि तुकडा तोंडात टाकला. आधी मीठ आलं, मग धूर. उन्हाळ्यात आमच्या वाडीत पालापाचोळा जाळतात, त्या संध्याकाळी अंगावरच्या कपड्यांना येतो तसा धूर. त्याच्यावर ते गोड-तिखट बसलं आणि सगळं एकदम गोल झालं. मी त्याला तसंच सांगितलं. तो प्रथमच खाली बसला. "धूर... व्हय. धूर असतो," असं दोन-तीनदा म्हणाला.

नाताळच्या दुपारी टेबलावर हॅम आला, तसाच चकाकणारा. जावयाने पहिला घास घेतला आणि दुसऱ्यासाठी ताट पुढे केलं. माझा जीव भांड्यात पडला. पण सँड्राने एक घास खाल्ला, काटा खाली ठेवला आणि आईकडे बघितलं. "मम्मी, हे पप्पांचं नाही," ती हळूच म्हणाली. रोझीवहिनी वाढत होत्या. हातातला चमचा न थांबवता त्या म्हणाल्या, "व्हय. विनूभावजींचं हाय."

आग्नेल उठला आणि मागे पडवीत गेला. वहिनी त्याच्या मागोमाग गेल्या, आणि मलाही बसवेना म्हणून मी दारापर्यंत गेलो. तो ओव्हनकडे तोंड करून उभा होता. वहिनी म्हणाल्या, "चुलीवर भात करपला त्या दिवशीच मला कळलं. तू समोरच बसला होतास."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

वहिनींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्याने ठेवू दिला. मला वाटलं आता हा माणूस मोडला, आता ह्या पडवीत पुन्हा काही शिजणार नाही. आणि खरं सांगायचं तर माझाच राग आला मला. चौलच्या जिभेला तिखट जास्त लागतं, ते मी त्याच्या हॅमवर ओतलं होतं. पण तो वळला, तोंडावरून हात फिरवला, आत आला आणि सँड्रासमोर खुर्ची ओढून बसला. "काय जास्त झालंय? नीट सांग. मस्त-बिस्त नको."

सँड्रा रडत रडत सांगू लागली. लवंग कमी हवी होती, मिरची पुढे आलीय, पप्पांच्या वेळी ती मागे असते. जावई म्हणाला, त्याला तर मिरची हीच आवडली. वहिनी म्हणाल्या, आलं कुठेच नाही. तिघांचं जुंपलं आणि आग्नेल एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिला. त्या टेबलावर सगळे एकदम बोलत होते आणि चवीखेरीज दुसरा विषय नव्हता.

त्यानंतरचे नाताळ असेच गेले. आता लपवायचं काही नव्हतं, तेव्हा माझ्या जोडीला वहिनी, आणि सँड्रा फोनवर. पण तो शांत झाला असं मात्र म्हणता येणार नाही. उलट त्याला नादच लागला. दुकानात येऊन विचारायचा, आज डब्यात काय होतं, सुरमईला कालच्यासारखीच चव होती का, फणस कुठल्या झाडाचा, रस कसा वाटला. मी कंटाळायचो. कधी कधी चिडून म्हणायचो, अरे जेवू दे मला सुखाने. तो म्हणायचा, "जेव ना. पण जेवताना झोपू नकोस." आणि नाकात थेंब घालणं त्याने सोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, सांगता येत नाही. तेवढ्या शब्दांवर तो चालत होता.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तो दुकानात आला. पुलावरून चालतच आला होता, धाप लागलेली. तापाचे दिवस होते, काउंटरवर रांग होती. रांगेच्या मागून त्याने हात वर केला आणि म्हणाला, "विन्या, पुलावर काहीतरी आलं." मी म्हटलं, काय आलं? त्याने नाकाला बोट लावलं. मी गोळ्या मोजता मोजता त्याच्याकडे बघितलं. तो हसत होता, पण डोळे कावरेबावरे, कोणी हातातलं हिसकावून घेईल असे. कसला वास, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ते नक्की न्हाय. थांब, उद्या सांगतो." आणि नेहमीसारखा वाक्य अर्धं टाकून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पायरीवर चहा घेऊन बसला आणि कप ठेवायच्या आत गेला.

तेव्हापासून मला बसवत नाही. संध्याकाळी दुकान बंद करून मी पुलावर जातो. मधोमध उभा राहतो. खाडीचा चिखल असतो, बोटींचं डिझेल असतं, कुठे वाळत घातलेली सुकट, ओहोटीला शेवाळ, वाऱ्याची दिशा बदलली की कोणाच्या तरी घरचा लसणीचा तडका. ह्यातलं त्याला नक्की काय आलं असेल? की काहीच नाही, नुसता भास? तो गेल्याला महिना झाला तेव्हाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, कोर्लईला गेलो, लोक पांगल्यावर मी वहिनींना हे सगळं सांगितलं. इतके दिवस सांगितलं नव्हतं. त्यांना उगाच टोचणी लागेल असं वाटलं होतं.

त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, त्या रात्री जेवायला कोलंबीची आमटी होती. त्याने पहिला घास खाल्ला, थांबला, आणि ताट जरा सरकवून म्हणाला, "रोझी, खोबरं खवट हाय." ताप येऊन गेल्यापासून त्याने जेवणाला नाव ठेवलेलं नव्हतं. त्या इतक्या चमकल्या की काही बोलल्याच नाहीत, आणि त्यानेही पुढे काही न बोलता सगळं जेवून टाकलं.

मी विचारलं, खोबरं होतं का खवट?

वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "नारळ जुना होता. ह्याला काय कळणार म्हणून घातला. पण अगदी थोडासा हो... दुसऱ्या कोणाला कळलं नसतं."

मी त्यानंतर दोनदा कोर्लईला गेलो. दोन्ही वेळा निघताना दारात उभा राहून त्या खोबऱ्याचं तेच विचारलं. दोन्ही वेळा वहिनींनी न कंटाळता, तेवढ्याच सावकाश, तेच सांगितलं.