गोड्या पाण्यातला नारळ

आज नारळी पौर्णिमा. खराडीच्या ऑफिसात माझा रजेचा अर्ज मॅनेजरने परत पाठवला: "ही सुट्टी आपल्या यादीत नाही. आणि पुण्यात समुद्र कुठाय?" वाचलं आणि नाकात राळेचा वास शिरला.

खडकवासल्याच्या पाण्याकाठी लष्करी प्रबोधिनी उभी राहिली, तेव्हा सरावाच्या लाकडी होड्या बांधायला आणि त्यांच्या फटी राळेने बुजवायला माझ्या आजोबांना कोकणातल्या हर्णैहून बोलावून आणलं होतं. त्यांच्यामागे ते काम बाबांकडे आलं. दर नारळी पौर्णिमेला बाबा धरणात नारळ सोडत आणि मगच होड्या पाण्यात उतरत. फायबरच्या होड्या आल्या त्या वर्षी नवे सुपरवायझर धक्क्यावर येऊन म्हणाले, "अहो, हे धरण आहे. इथे कसला दर्या? नारळ सोडलात तर उद्यापासून येऊ नका."

कॅडेट ओळीत उभे राहून बघत होते. दहा वर्षांची मी शरमेने मान खाली घालून उभी होते.

"साहेब, बुडणाऱ्याला पाणी गोड की खारट, हे बघायला वेळ नसतो," असं म्हणून बाबांनी राळेने चिकट झालेल्या हातांनी नारळ माझ्याकडे दिला. "सोड, बाय."

मी सोडला. दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीच्या वेळेला कामावर हजर झाले. त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही.

तेव्हा मला तो त्यांचा हट्ट वाटला होता. ते त्या ओळीतल्या पोरांसाठी नोकरी पणाला लावून उभे होते, हे आता कळतं.

मी मॅनेजरला उत्तर लिहिलं: "पुण्यात पाणी आहे. रजा मागत नाही, कळवते आहे."