शेळीच्या पोटातली ज्वारी

माझी थोरली चार महिन्यांची होती तेव्हा माझं दूध आटलं. शतावरी झाली, हळीव झाले, कोणी सांगेल ते केलं, पण काही उपयोग नाही. जऊळका स्टेशनच्या अलीकडे आमचं गाव, तिथं डब्यातलं दूध कोणी पाहिलंय? पोर शेळीच्या दुधावर जगत होती. शेळ्या तीन होत्या आणि तिन्ही दुभत्या.

ज्वारीचं खळं उठलं, घरात धान्य आलं, आणि त्याच आठवड्यात सगळ्यांत गुबगुबीत शेळी सकाळी गोठ्यात मान मागे टाकून मेलेली सापडली. आदल्या सांजेला चांगली रवंथ करत होती हो. तिसऱ्या दिवशी दुसरी गेली. आता एकच उरली. ही गेली तर पोरीला काय पाजू?

सासूनं कारण शोधून ठेवलं होतं. शेजारची बाई रोज येऊन पोरीला तेल लावून न्हाऊ घालायची. तिला स्वतःला मूल नव्हतं. शेळी कशी भरलीये, एवढंच ती कौतुकानं बोलली होती. झालं, तिची नजर लागली! सासूनं तिला दारातूनच परत पाठवलं. ती खाली मान घालून गेली, आणि मी मेली चुलीपुढून उठलेही नाही. खरं सांगते, भीतीपोटी मलाही ते थोडं पटलं होतं.

सासरे रेल्वेनं वाशीमला गेले आणि गुरांच्या डॉक्टरला घेऊन आले. डॉक्टरांनी लिंबाखाली मेलेल्या शेळीचं पोट फाडलं. आत ज्वारीच ज्वारी, अर्धीअधिक न पचलेली. आतडं लालभडक.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ते मला आजही पाठ आहे. शेळ्या आतड्यातल्या एका जंतूनं मेल्या. हा जंतू बाहेरून येत नाही, धडधाकट शेळीच्या आतड्यातही तो थोडाफार असतो, पण उपाशी, गरीब होऊन पडलेला. दाणा अति झाला की त्यातलं पीठ न पचता खाली उतरतं आणि याची चंगळ होते. भराभर वाढतो, वाढता वाढता जहर सोडतो. म्हणून धट्टीकट्टी, हावरी शेळी आधी मरते. हीच पोर पुढं जंतूंचं शिकली. ती म्हणते, जंतू काय खातो, त्यातली साखर कशी जाळतो, यावर तो गरीब राहणार की विषारी होणार हे बरंचसं ठरतं. एवढी पुस्तकं वाचून माझी लेक लिंबाखालीच येऊन पोचली.

मग डॉक्टरांनी विचारलं, दाणा कोण चारतं?

सासऱ्यांसमोर परक्या पुरुषाशी मी कधी बोलले नव्हते. पण गोठ्यात शेवटची शेळी उभी होती. मीच चोरून ओंजळभर ज्वारी घालायचे, दूध वाढावं म्हणून. दोन मेल्यावर उरलेलीला तर दुप्पट घातली, अंगात ताकद यावी म्हणून. अक्कल बघा माझी!

पदर ओढून मी म्हटलं, "मी चारतो. रोज."

सासू खाली बसली. म्हणाली, "मी बी चारून राह्यली होती. नातीले दूध पुरलं पायजे म्हनून."

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. दाणा बंद, नुसता कडबा, असं बजावून गेले. चार दिवस शेळी आमच्याकडं बघून ओरडायची आणि आम्ही दोघी एकमेकींवर पाळत ठेवायचो. दूध कमी झालं, त्यात पाणी घालून पाजलं. पोर किरकिरली. पण शेळी मेली नाही. पाचव्या दिवशी तिच्या लेंड्या नीट पडल्या तेव्हा सासू एवढी हरखली, की जसं सोनंच सापडलं.

त्या दिवशी सकाळचं दूध तिनं उकळलं, पोरीला काखेत घेतलं आणि वाटी झाकून थेट शेजारणीच्या दारी गेली. मी मागं. आळीतल्या बाया बघत होत्या. सासूला माफी मागता येत नव्हती, जन्मात कधी मागितलीच नव्हती. तिनं पोर शेजारणीच्या मांडीवर ठेवली, वाटी-चमचा हातात दिला.

"तुह्या हातानं पाज वं," ती म्हणाली.

पहिला चमचा पोरीच्या हनुवटीवर सांडला. शेजारणीनं तो पदरानं पुसला आणि दुसरा भरला.