बहिणीने सोडलेली मासळी

कॅन्सर झालेलं माझं लिव्हर काढून धाकट्या बहिणीच्या लिव्हरचा मोठा तुकडा मला बसवला, त्याला दोन वर्षं झाली. तिच्यात उरलेलं पुन्हा वाढलं, माझ्यातलंही वाढलं. तिला जासईत दिलेली, मी घणसोली गावात एकटा. बायको आधीच गेली. अंगाने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून दिलेल्या गोळ्यांनी रोगाशी लढायची ताकद मारून ठेवलीय, साधा जंतूही महागात पडतो, म्हणून गर्दीत जायचं नाही. आगरी माणसाला हळदीला जाऊ नको म्हणजे काय, सांगा! खालचे भाडेकरू लांबूनच हात करतात. बोलायला कुणी नसलं की माणूस कुकरशी भांडतो. मी भांडलोय.

डॉक्टर म्हणाले होते, कॅन्सर परत येतो का यावर पाच वर्षं लक्ष ठेवावं लागेल. बहिणीने तेवढंच धरलं आणि नवस केला, पाच वर्षं मासळी तोंडात घालणार नाही. तिच्या घरी रोज कोलंबी नाहीतर सुकट. ती सगळ्यांना वाढणार आणि स्वतः वरणभात खाणार. मला राग यायचा. तुझ्या ताटाचा नि माझ्या पोटाचा काय संबंध, म्हणायचो. ती माझ्या पोटाकडे बोट करून विचारायची, माझी कलेजी बरी हाय ना? मग दोघंही हसायचो.

यंदा डॉक्टरांनी माझं रक्त आणि बसवलेल्या लिव्हरचा बारीक नमुना, दोन्हींची जनुकं तपासली. माणसामाणसाच्या जनुकांत थोडा फरक असतोच, म्हणाले. माझ्या रक्तात काही निघालं नाही. बहिणीकडून आलेल्या लिव्हरमध्ये मात्र असा एक फरक निघाला, ज्याने कॅन्सर परत यायची शक्यता थोडी वाढते. थोडी म्हणजे किती, ते त्यांनाही सांगता येईना. तिला स्वतःला त्याचा त्रास नाही. माझं स्कॅनिंग तेवढं सहाऐवजी दर तीन महिन्यांनी. तिला हे सांगायलाच पाहिजे का, मी विचारलं. ते तुमच्यावर, म्हणाले. वा, माझ्यावर! मन मोकळं करायला तिच्याशिवाय मला होतं कोण? आणि नेमकं तिलाच सांगायचं नव्हतं.

आठवडाभर गिळून बसलो. फार एकटं वाटलं त्या आठवड्यात, खोटं कशाला बोलू.

मग ती आली. दोन दिवस खोकला होता म्हणून मास्क लावून उंबऱ्याबाहेरच खुर्ची टाकून बसली. आणि मी शहाणपणा केला. म्हटलं, डॉक्टर खूश आहेत, आता नवस सोड, बोंबील मागवतो. वाटलं, निदान हा एक बोजा तरी तिच्यावरून उतरेल.

ती म्हणाली, "नवस सोडाला सांगतंस, म्हंजे आता काय उपेग नाय, असा बोलला डॉक्टर? मना खरा सांग, दादा."

वडिलांपुढे डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा थोरल्या काकांनी आईला त्यांच्यासाठी केलेल्या नवसातून असंच मोकळं केलं होतं. चार दिवसांत वडील गेले. तिच्या ते लक्षात होतं, मी विसरलो होतो. गाढव मी.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी मरायला टेकलोय असं समजून तिला परत कसं पाठवणार? सगळं सांगितलं. तिच्या लिव्हरमध्ये काय निघालं तेही. ती बराच वेळ पदराला हात पुसत राहिली, हात कोरडेच होते.

"तुला आधी ठाव असता," तिने विचारलं, "तं घेतला असता काय माझा?"

"घेतलाच असता," मी म्हटलं. "दुसरं कुणी देतो म्हणालं पण नव्हतं, बाय."

तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. तिला जवळ घ्यावं म्हणून मी उठलो. तिने हात वर करून मला आतच थांबवलं, खुर्ची आणखी मागे सरकवली आणि तिथे बसून रडत राहिली.