पायात चिंधी बांधलेल्या कोंबड्या

पायात रंगीत चिंधी बांधलेल्या वीस-पंचवीस कोंबड्या एका अंगणात दाणे टिपताहेत – माझ्या बालपणीचा हिवाळा डोळ्यांपुढे येतो तो असाच. अंगण सोमीआत्याचं, माझ्या वडिलांच्या विधवा बहिणीचं. कोंबड्या मात्र साऱ्या पाड्याच्या. महाप्याच्या मागच्या डोंगरउतारावर आमची वस्ती: वरच्या अंगाला ठाकरांची घरं, खाली आम्हा कातकऱ्यांची आणि वाटेच्या तोंडाशी एका आगरी काकांचं दुकान. दिवाळी सरली की कातकरी घरं एकामागून एक वीटभट्टीवर निघत, ती पावसाच्या तोंडावर परतत. कुडाच्या दाराला काटेरी फांदी लावायची, कोंबड्या आत्याच्या हवाली करायच्या, ओळखू याव्यात म्हणून पोरांच्या जुन्या कपड्याची चिंधी त्यांच्या पायात बांधायची... मग पाड्यात सुकल्या गवताचा वास तेवढा भरून राही.

आईबाबाही माझ्या धाकट्या भावाला घेऊन जात. मला मात्र आत्याने हट्टाने ठेवून घेतलं, कारण पाड्यावर एका खोलीची शाळा होती आणि मला अक्षरांचं वेड लागलं होतं. बाबांनी अट घातली होती – शाळा आहे तोवर राहील, नाहीतर भट्टीवर येईल.

माघातल्या एका सकाळी तपासणीचे साहेब डोंगर चढून आले. वर्गात ठाकरांची पाच मुलं आणि मी. हजेरीपटावर नावं भरपूर, समोर सहा डोकी! गुरुजी भट्टीचं सांगू लागले, पण साहेबांचं मत झालं होतं. इतक्या थोड्या मुलांसाठी शाळा चालवता येणार नाही, असं ते म्हणाले. मी उठून पळत सुटले ती थेट आत्याकडे.

पाड्यातल्या बहुतेक पोरांची नाळ आत्याने कापलेली. ती आली, साहेबांना अंगणात घेऊन गेली आणि एकेका कोंबडीकडे बोट दाखवू लागली. लाल चिंधी सुकऱ्याच्या घरची, पोरी दोन, पोरगा एक. निळी बारक्याची, चार पोरं... साहेब आधी हसले, मग चष्मा पुसून खाली बसले आणि गुरुजी पटावरची नावं ताडून पाहू लागले.

"सायेब," आत्या म्हणाली, "कोंबडी ठेवून गेलेलं मानूस परत येतंच. तुमी पावसात या. तवा मोजा."

साहेब खरंच आषाढात आले. ओल्या कपड्यांच्या वासाने खोली कोंदली होती, पोरं मांडीला मांडी लावून बसली होती. आत्याने तर दोन रांगती बाळंही त्यांत खपवली होती. ती साहेबांनी पाहून न पाहिल्यासारखी केली. शाळा राहिली. दाराशी भिजत उभे असलेले बाबा आत्याला एवढंच म्हणाले, "हिला र्‍हाऊ दे. यंदा धाकल्याला बी ठेव."

त्या दिवाळीनंतर आणखी चार घरांनी आपली मुलं तिच्याकडे ठेवली. आत्या कुरकुरली आणि मोठं पातेलं मागून आणलं.

आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी महाप्याला एका कचेरीत नोकरी करते, राहते पाड्यातच. काही घरं पक्की झाली, काही अजूनही भट्टीवर जातात – पण जातात ती मोठी माणसं. मुलं शाळेसाठी मागे राहतात. यंदा माझ्याकडे पाच आहेत.